सीताबर्डी ते काँग्रेसनगर : इंग्रजी अमदानीतल्या नागपूरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळा-कॉलेजातले विद्यार्थी, जुन्या नागपूरची भटकंती करणारे आणि घरातली जुनी कागदपत्रं उलगडू पाहणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. काळ साधारण १८०३ ते १९४७. लढाया एका पुस्तकात, कापूस दुसऱ्यात आणि जातीचा प्रश्न तिसऱ्यातच वाचायची आपल्याला सवय आहे. नागपुरात मात्र ही तिन्ही सुतं एकाच ताण्यात आहेत, म्हणून उत्तरंही एकमेकांत गुंतलेली सापडतील.

नागपूरकर भोसल्यांचं इंग्रजांशी बिनसलं कुठे?

सुरुवात १८०३ पासून धरावी. २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई हरली, १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि १७ डिसेंबरला दुसऱ्या रघुजींना देवगावचा तह करावा लागला. त्यात कटक आणि बालासोर इंग्रजांकडे गेले, वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड निजामाकडे गेला. म्हणजे समुद्रकिनारा गेला आणि काळ्या कापूसजमिनीचा मोठा पट्टाही गेला. सैन्याचा खर्च ज्या वसुलीवर चालायचा, तीच निम्म्यावर आल्यासारखी झाली. पुढची चौदा वर्षं नागपूर दरबार पैशाच्या ओढाताणीत होता, हे लक्षात ठेवल्याशिवाय १८१७ समजत नाही.

रघुजी मार्च १८१६ मध्ये वारले. मुलगा परसोजी कारभार सांभाळण्याच्या स्थितीत नव्हता. चुलतभाऊ मुधोजी, म्हणजे आप्पासाहेब, यांनी मे १८१६ मध्ये इंग्रजांशी तैनाती फौजेचा करार केला. त्यासाठी दरसाल साडेसात लाख रुपये द्यायचे होते. फेब्रुवारी १८१७ मध्ये परसोजींचा खून झाला आणि आप्पासाहेब गादीवर आले. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला पेशव्यांनी खडकीला इंग्रजांवर हल्ला केला. २४ नोव्हेंबरला आप्पासाहेबांनी पेशव्यांकडून आलेली सेनापतिपदाची वस्त्रं उघडपणे स्वीकारली. दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, जेन्किन्स याने याचा अर्थ युद्ध असाच घेतला.

भोसल्यांचं सैन्य कितीतरी मोठं होतं. मग सीताबर्डीला हार का झाली?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. आकडे खरे आहेत : भोसल्यांकडे सुमारे १८ हजार माणसं, त्यांत तीन-चार हजार पगारी अरब शिपाई, समोर कर्नल स्कॉटच्या हाताखाली जेमतेम १,४०० माणसं आणि चार सहा-पौंडी तोफा. त्या १,४०० मध्येही बहुतेक मद्रास पलटणींतले देशी शिपाई होते. बंगाल घोडदळाच्या तीन तुकड्या तेवढ्या वेगळ्या.

मैदान डोळ्यांसमोर आणा. दोन टेकड्या, एक मोठी, एक लहान, एकीवरून दुसरीवर मारा पोचेल इतक्या जवळ. पायथ्याशी रेसिडेन्सी. लहान टेकडी ज्याच्या हातात, त्याच्या तोफा थेट मोठ्या टेकडीच्या माथ्यावर. म्हणून २६ नोव्हेंबरच्या संध्याकाळी गोळीबार सुरू झाला तेव्हापासून सगळा जोर लहान टेकडीवर होता. रात्री उशिरापर्यंत मारा चालला. २७ तारखेच्या सकाळी लहान टेकडीवर दारूगोळ्याच्या पेटीचा स्फोट झाला, गोंधळ उडाला आणि अरबांनी ती टेकडी घेतली. त्यांनी तिथलीच तोफ फिरवून मोठ्या टेकडीवर रोखली. त्या क्षणी लढाई भोसल्यांच्या हातात होती.

ती तिथून निसटली. घोडदळाचा कॅप्टन फिट्झजेराल्ड याने मैदानात उतरून हल्ला केला, भोसल्यांच्या घोडदळाला मागे रेटलं आणि दोन तोफा हिसकावून त्या त्यांच्यावरच फिरवल्या. टेकडीवरच्या पायदळाने ते पाहिलं. तेवढ्यात लहान टेकडीवर पुन्हा दारूचा स्फोट झाला, या वेळी अरबांमध्ये, आणि पायदळ संगिनी रोखून चढलं. दुपारपर्यंत सगळं आटोपलं. इंग्रजांकडचे मेलेले आणि जखमी मिळून ३६७, म्हणजे दर चार माणसांमागे एक.

आमच्या मते पराभवाचं कारण शौर्याची कमतरता नव्हे. लहान टेकडी घेणारे अरब आणि मैदानातलं घोडदळ यांच्यावर एका माणसाचा हुकूम चालत नव्हता. स्वतः आप्पासाहेब शेवटपर्यंत रेसिडेंटकडे निरोप पाठवत होते की हल्ला माझ्या हुकमाने झालेला नाही. राजाच द्विधा असेल तर टेकडी घेतल्यावर तिथे कुमक कोणी पाठवायची?

मग शहर लगेच पडलं का?

नाही. जनरल डव्हटनची फौज १२ डिसेंबरला पोचली, १६ ला आप्पासाहेब रेसिडेन्सीत हजर झाले आणि त्याच दिवशी उरलेल्या सैन्याशी दुसरी लढाई झाली. पण अरबांनी महाल हा शहराचा भाग आणि राजवाडा सोडला नाही. २४ डिसेंबरला इंग्रजांनी जुम्मा दरवाजाच्या बाजूने केलेला हल्ला फसला. हा दरवाजा म्हणजे आजचं गांधी गेट. शेवटी वाटाघाटी झाल्या आणि ३० डिसेंबरला अरब आपला कुटुंबकबिला घेऊन सुखरूप बाहेर पडले. पुढे मे १८१८ मध्ये आप्पासाहेब जबलपूरच्या वाटेवर कैदेतून निसटले, महादेवाच्या डोंगरांत गोंडांच्या मदतीने लढत राहिले आणि १८४० मध्ये जोधपूरला वारले.

बर्डीचा किल्ला लढाईच्या वेळी होता का? गांधीजी तिथे कैदेत होते का?

दोन्हींचं उत्तर नाही. लढाई उघड्या टेकड्यांवर झाली, किल्ला इंग्रजांनी नंतर बांधला.

गांधीजींना १९२३ च्या एप्रिल-मे मध्ये या किल्ल्यात ठेवलं होतं, असं ठिकठिकाणी लिहिलेलं आढळतं. पण मार्च १९२२ मध्ये अटक झाल्यापासून जानेवारी १९२४ मध्ये शस्त्रक्रियेसाठी पुण्याच्या ससून रुग्णालयात नेईपर्यंत ते येरवड्यात होते. १९२३ च्या उन्हाळ्यात ते नागपुरात असणं शक्य नाही. गैरसमजाचं मूळ बहुधा त्याच उन्हाळ्यातल्या झेंडा सत्याग्रहात आहे. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. आत जायचं तर १५ ऑगस्ट किंवा २६ जानेवारीसारखा ठरावीक दिवस गाठावा लागतो.

१८५४ मध्ये राज्य खालसा झालं ते फक्त दत्तक नाकारला म्हणून का?

कागदावर कारण तेच. तिसरे रघुजी ११ डिसेंबर १८५३ रोजी निपुत्रिक वारले आणि डलहौसीने दत्तक मानला नाही. खुद्द नागपूरचा रेसिडेंट मॅन्सेल याचं मत दत्तकाच्या बाजूने होतं. पण डलहौसीची टिपणी वाचली की दुसरं कारण लपत नाही : त्यात इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा आणि नागपूरच्या कापूसजमिनीचा स्पष्ट उल्लेख आहे. १८०३ मध्ये अर्धा कापूसपट्टा गेला होता, पन्नास वर्षांनी उरलेलाही गेला. राजवाड्यातले हत्ती, घोडे, बैल आणि जवाहीर लिलावात निघालं. बर्डीवर जनावरं मातीमोल भावाने विकली गेली, ही सल जुन्या घरांत पुढे पिढ्यान्‌पिढ्या बोलली जात असे.

१८५७ मध्ये नागपूर शांत का राहिलं?

पूर्ण शांत नव्हतं. टाकळीच्या अनियमित घोडदळाने १३ जूनच्या रात्री उठायचं ठरवलं होतं. पायदळाकडे पाठवलेला निरोप्या पकडला गेला आणि बेत फुटला. कामठीची मद्रासी फौज इंग्रजांशी राहिली. दुसऱ्या रघुजींच्या वृद्ध विधवा बाकाबाईंनी भोसले कुटुंबाला आवरून धरलं. इंग्रजांनी त्याची परतफेड दत्तक जानोजींना देऊरचे राजेबहादूर ही पदवी आणि जमीन देऊन केली, राज्य परत दिलं नाही.

मालगुजार म्हणजे जमीनदारच ना?

सुरुवातीला नव्हे. भोसल्यांच्या काळात गावचा पाटील वसुली करून द्यायचा, गाव त्याच्या मालकीचं नव्हतं. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला आणि १८६० च्या दशकातल्या तीस वर्षांच्या सारा-बंदोबस्तात पाटलाला मालकी हक्क देऊन मालगुजार केलं. दोष इथेच होता. मालकी आली की गहाण आलं, आणि गहाण आलं की सावकार आला. सारा रोख आणि ठरलेल्या तारखेला, पीक मात्र पावसावर. एक-दोन वाईट वर्षं गेली की गाव सावकाराच्या नावावर. कुळांचे खंडावरून झगडे याच व्यवस्थेतून वाढले. ती १९५१ मध्ये संपली.

अमेरिकेतल्या युद्धाने नागपूरच्या शेतकऱ्याचं भलं झालं का?

काही काळ, आणि सगळ्यांचं नाही. १८६१ ते १८६५ या यादवी युद्धात मँचेस्टरला अमेरिकन कापूस मिळेना, मुंबईचे भाव भडकले. पण रेल्वे नागपूरला पोचली १८६७ मध्ये! तेजीच्या सगळ्या वर्षांत माल बैलांच्या पाठीवर आणि गाड्यांवरच जात होता. त्याआधीच्या काळात तर बंजाऱ्यांचे तांडे इथला कापूस थेट मिर्झापूरला नेत. वाटेत धूळ बसायची, पावसात गोणी भिजायची. भिजलेली रुई गोणीतच पिवळी पडते आणि धागा कुजतो. वाहतुकीचा खर्च आणि दलालाचा हिस्सा गेल्यावर शेतकऱ्याच्या हाती पडायचं ते मुंबईच्या भावाच्या मानाने फार थोडं. १८६५ मध्ये भाव कोसळले तेव्हा तेजीत वाढीव दराने काढलेलं कर्ज तसंच राहिलं.

दुसरं नुकसान सावकाश झालं. या भागातला जुना 'बनी' कापूस लांब, मऊ धाग्याचा. हिंगणघाटचा माल म्हणून त्याला मान होता. पण शंभर शेर कापसातली सरकी काढली तर रुई निघायची साधारण पंचवीस ते अठ्ठावीस शेर, बाकी सरकी. आखूड, जाड्या धाग्याच्या वाणात पस्तीसच्या वर. जिनवाल्याला, म्हणजे सरकी काढण्याचा कारखाना चालवणाऱ्याला, वजन हवं होतं, व्यापारी दोन्हींना जवळजवळ एकच भाव देत होता, तेव्हा शेतकऱ्याने जाडं वाण पेरलं यात त्याची चूक नव्हती. जिनांमधून दोन्ही वाणांची सरकी एकत्र बाहेर पडायची आणि तेच बियाणं गावात परत जायचं. सरकारने १८६६ मध्ये रिव्हेट-कार्नाक याला कापूस कमिशनर नेमलं, चांगलं बी वाटलं. पण भावच दर्जाला मिळत नसेल तर नुसतं बी वाटून वाण टिकत नाही.

जुन्या हिशेबातली गाठ, खंडी, मण यांचं आजच्या मापात काय?

मुंबईच्या कापूस व्यापारात खंडी ७८४ पौंडांची, म्हणजे जवळपास ३५६ किलो. एका खंडीच्या दोन गाठी, दर गाठ ३९२ पौंड, म्हणजे १७८ किलोच्या आसपास. कापूस बाजारात खंडीचा भाव आजही याच ३५६ किलोवर बोलतात. सरकारी किंवा रेल्वेचा मण ४० शेरांचा, सुमारे ३७.३ किलो. गावोगावचे मण आणि खंडी मात्र वेगळे, आणि धान्याची खंडी ही कापसाची खंडी नव्हे. वहीत नुसतं 'खंडी' दिसलं तर आधी माल कोणता ते पाहा, नाहीतर सगळा हिशेब चुकतो.

सुताचा 'नंबर' म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लडी बसतात तो आकडा. २० नंबर म्हणजे एका पौंडात १६,८०० यार्ड. नंबर जितका मोठा, सूत तितकं बारीक.

एम्प्रेस मिल कशी सुरू झाली, आणि पहिला संप खरंच तिथेच झाला का?

जमशेटजी टाटांनी १८७४ मध्ये १५ लाखांच्या भांडवलावर कंपनी काढली. मुंबई सोडून नागपूर निवडण्यामागे साधं गणित होतं : कापूस दाराशी, दगडी कोळसा वरोऱ्याहून, रेल्वे जवळ. जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा भरून गिरणी उभी राहिली आणि १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरियाने सम्राज्ञीपद घेतलं, म्हणून हे नाव. सुरुवातीला सूत कातण्याच्या दोन प्रकारच्या चात्या होत्या, १५,५५२ थ्रॉसल आणि १४,४०० म्यूल, शिवाय ४५० माग. बेझनजी मेहता व्यवस्थापक. पुढच्या दशकात इथे रिंग या नव्या प्रकारच्या चात्यांचे प्रयोग झाले आणि तेच भारतीय गिरण्यांचं वळण ठरलं.

संपाबद्दल : १८७७ मध्येच मजुरीच्या दरावरून इथल्या कामगारांनी काम थांबवलं. भारतातल्या गिरणी संपांच्या इतिहासात पहिली नोंद म्हणून त्याचाच दाखला देतात. १९२० नंतरच्या संपांत आर. एस. रुईकर हे पुढारी.

गिरणी आल्यावर कोष्टी संपले, हे खरं ना?

हे अर्धसत्य आहे आणि म्हणूनच चिवट आहे. आधी संपली ती हातसुताई. गावोगाव चरख्यावर सूत काढणाऱ्या बायका, आणि जाडंभरडं कापड विणणारी महार कुटुंबं, यांचा धंदा पहिल्यांदा बसला. कारण जाड सूत आणि साधं कापड हाच गिरणीचा पहिला माल. कोष्टी आणि हलबा कोष्टी यांनी गिरणीचंच सूत विकत घेतलं आणि गिरणीला न जमणारं कापड विणलं : रेशीमकाठी धोतरं, लुगडी, करवतकाठी.

करवतकाठी जवळून पाहिली की गोष्ट कळते. अंगाचा रंग एक, काठाचा दुसरा, आणि काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी. यासाठी आडवा धागा फेकणारे तीन धोटे लागतात, मधला अंगाचा आणि दोन दोन्ही काठांचे. दर ओळीला अंगाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, काठाच्या हद्दीवर काठाच्या बाण्यात अडकवून मागे फिरवायचा. अडकवणं सैल झालं तर काठ आणि अंग यांच्यामध्ये फट पडते, ओढ जास्त झाली तर काठ आवळून साडी चुण्या धरते. गिरणीचा धोटा या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच धागा फेकतो. त्याला असा भरीव वेगळा काठ येत नव्हता. कोष्ट्यांचा धंदा त्या चार बोटांच्या काठावर टिकला.

मागावर बसण्याआधीची मेहनत तर कोणी मोजतच नाही. ताणा काढला की पांजण : पिठाची पातळ खळ करून, ताणा बोळात लांब पसरून, कुंच्याने एकाच दिशेने घासत धाग्यात मुरवायची. खळ घट्ट झाली की धागे एकमेकांना चिकटतात आणि फणीत तुटतात. पातळ राहिली की तंतू उभे राहून वहीत, म्हणजे ताण्याचे धागे वरखाली करणाऱ्या दोऱ्यांच्या फाशांत, घासतात. पावसाळ्यात ती वाळतच नाही, म्हणून आषाढ-श्रावणात माग रिकामा आणि घरात उसनवारी. सूत उधारीवर देणारा व्यापारी कापडही स्वतःच्याच भावाने घेई. कोष्टी कुटुंब गिरणीच्या हातून वाचलं आणि या उधारीत अडकलं.

दुष्काळात सगळ्यात आधी कोण कोसळलं?

विणकर. १८९६-९७ आणि १८९९-१९०० मध्ये धान्याचे भाव चढले की लोक सगळ्यात आधी लुगडं घेणं पुढे ढकलत. शेतकऱ्याचं पीक गेलं की कोष्ट्याचं गिऱ्हाईक गेलं. खडी फोडण्याच्या दुष्काळी कामावर विणकर पाठवला तर हाताला घट्टे पडून नंतर बारीक सूत हाताळता येत नाही, म्हणून विणकरांसाठी वेगळ्या मदतीची गरज सरकारलाही मानावी लागली.

दलित चळवळीचं केंद्र नागपूरच का झालं?

याला धर्मांतराच्या कितीतरी आधीची मुळं आहेत. गावातलं विणकाम बसल्यावर महार समाजातले अनेक जण गिरणीत आणि रेल्वेत आले. रोख पगार, गावच्या वतनाबाहेरचं आयुष्य, आणि पाचपावलीसारख्या वस्त्यांत एकत्र राहणं, यातून वाचनालयं, शाळा आणि वर्तमानपत्रं निघाली. किसन फागूजी बनसोडे यांनी स्वतःचा छापखाना चालवून पत्रं काढली, त्यातल्या एकाचं नावच 'मजूर पत्रिका'. जाईबाई चौधरींनी मुलींसाठी चोखामेळा शाळा उभी केली.

गिरणीत विटाळ संपला होता असं मात्र समजू नये. धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढावा लागतो, हे कारण पुढे करून मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना जास्त मजुरीच्या विणकाम खात्यातून बाहेर ठेवत. पिढ्यान्‌पिढ्या विणणाऱ्या समाजाला विणकाम खातं बंद, यापेक्षा उघड अन्याय कोणता?

तारखा : मे १९२० च्या अखेरीस शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली नागपुरात अखिल भारतीय बहिष्कृत परिषद झाली. अस्पृश्यांचे प्रतिनिधी कौन्सिलच्या सभासदांनी निवडावेत ही सूचना डॉ. आंबेडकरांच्या पुढाकाराने तिथे धुडकावली गेली. ऑगस्ट १९३० ची परिषद डॉ. आंबेडकरांच्याच अध्यक्षतेखाली इथे झाली. त्यात त्यांनी इंग्रज राजवटीवर आणि काँग्रेसवर दोन्हींवर टीका केली. जुलै १९४२ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापनाही नागपूरचीच.

काँग्रेसनगर हे नाव कशावरून?

डिसेंबर १९२० च्या अधिवेशनावरून. विजयराघवाचारी अध्यक्ष, चौदा हजारांहून अधिक प्रतिनिधी, असहकारावर शिक्कामोर्तब, चार आणे वर्गणीची सभासदी आणि भाषावार प्रांतिक समित्या. त्याच शहरात, त्याच वर्षी, सात महिन्यांच्या अंतराने बहिष्कृत परिषद आणि काँग्रेस अधिवेशन झालं. दोन्हींचे ठराव शेजारी ठेवून वाचा, १९३० च्या दशकातले वाद कुठून आले ते दिसेल.

झेंडा सत्याग्रहात नेमकं काय करायचे?

१३ एप्रिल १९२३ ला सिव्हिल लाइन्सकडे तिरंगा घेऊन निघालेली मिरवणूक अडवली गेली. १ मे पासून रोजची पद्धत बसली : स्वयंसेवकांची छोटी तुकडी शहराच्या बाजूने झेंडा घेऊन निघे, बंदी असलेल्या हद्दीवर पोचे, परत फिरायला नकार देई आणि अटक होई. दुसऱ्या दिवशी दुसरी तुकडी. गर्दी करायची नाही, दगड उचलायचा नाही, तुकडी मात्र एकही दिवस चुकवायची नाही. जूनमध्ये जमनालाल बजाज पकडले गेले, मग वल्लभभाई पटेलांनी सूत्रं घेतली. दीड हजारांहून अधिक अटका झाल्या. १८ ऑगस्टला मिरवणूक सिव्हिल लाइन्समधून न अडवता गेली.

जुन्या कागदावरची तारीख कशी लावायची?

नागपूर भागातल्या महसुली कागदांत फसली सन, म्हणजे पिकांच्या हंगामावर बेतलेलं महसुली वर्ष, असतो. त्यात ५९० मिळवा. फसली १२६४ म्हणजे साधारण इ. स. १८५४. फसली वर्ष पावसाळ्याच्या तोंडाशी बदलतं, म्हणून जानेवारी ते मे या महिन्यांतल्या नोंदीत एक वर्ष जास्त, म्हणजे ५९१, मिळवावं लागतं. कागद मोडीत असेल तर आधी आकडे आणि महिन्याचं नाव ओळखा, मग माणसांची नावं, मजकूर शेवटी. नागपूरच्या अभिलेखागारात जायचं तर गावाचं जुनं नाव, परगणा आणि मालगुजाराचं नाव लिहून न्या. आजच्या तालुक्याच्या नावाने शोधलं तर बहुतेक वेळा काही हाती लागत नाही.